आख बदलला, पेच सरकला

जीपला मागचा ॲक्सल जास्त दणकट बसवला, की ॲक्सल मोडायचा थांबतो. मोडतोड मात्र थांबत नाही. ती प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसकडे वळते, नाहीतर गिअरबॉक्सकडे किंवा स्प्रिंगच्या पाट्यांकडे. दगडधोंड्यांतून आणि चिखलातून गाड्या काढणाऱ्यांच्या मिस्त्रींना हा हिशेब तोंडपाठ असतो. वऱ्हाडाला तो जीप येण्याच्या कितीतरी आधी बैलबंडीने शिकवला होता. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीत बंडीचा लाकडी आख मागे पडून लोखंडी आला, पुढे त्याच्या टोकांना बेअरिंग आणि रबरी टायर आले. ही सरळ प्रगतीची कथा म्हणून सांगता येते, आणि ती खोटीही नाही. पण माझ्या मते ती अपुरी आहे. आखाने दर वेळी जी ताकद कमावली, ती मुख्यतः ओझे वाढवण्यात खर्ची पडली. आणि मोडण्याची जागा आखावरून चाकावर, चाकावरून बैलाच्या खांद्यावर आणि तिथून रस्त्यावर सरकत गेली.

आधी लाकडी आख समजून घ्यायला हवा. बंडीखाली आडवे टाकलेले जाड लाकूड, त्याची दोन्ही टोके निमुळती तासलेली, आणि त्या टोकांवर चाकाचा तुंबा फिरणारा, अशी ही रचना. धावडा, तिवस यांसारखी चिवट लाकडे त्यासाठी नावाजलेली होती आणि सातपुड्याच्या उतारावर, मेळघाटात, ती मिळत. तुंब्यासाठी आणि चाकाच्या घेरातल्या पुठ्ठ्यांसाठी बाभूळ तर शेताच्या धुऱ्यावरच उभी असे. लाकडावर लाकूड घासल्याने वंगण सतत द्यावे लागे. तेल संपले की चाक कुरकुरू लागे आणि टोक तापून झिजे. या आखाची खरी अडचण त्याच्या जाडीत होती. लाकूड वाकू नये म्हणून टोक जाड ठेवावे लागते, आणि टोक जितके जाड, तितके घर्षण चाकाच्या मध्यापासून दूर जाऊन बैलाला जास्त ओढायला लावते. म्हणजे मजबुतीची किंमत बैल भरत असे.

मग हा आख इतकी वर्षे का टिकला? शेतकऱ्याचा आडमुठेपणा, असे उत्तर इंग्रजी काळापासून दिले गेले. ते पटत नाही. लाकडी आख मोडला, तर गावचा सुतार दुसरा घडवून देई, आणि त्याची मजुरी बहुधा खळ्यावरच्या धान्यात फिटे. लोखंडी आखाला रोख पैसा लागतो, आणि तो वाकला तर भट्टी गाठल्याशिवाय सरळ होत नाही. ज्या मुलखात वर्षभराचे व्यवहार सुगीवर चालत, तिथे मोडला तरी गावातच दुरुस्त होणारा भाग निवडणे हा व्यवहारी शहाणपणा होता. शिवाय बंडीचे काम तरी किती? शेतात खत टाकणे, कडबा आणणे, आठवडी बाजार करणे. तेवढ्याला लाकूड पुरत होते.

काम बदलले ते कापसाने. रेल्वेआधी अमरावतीची रुई बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. पाठीवरच्या बैलाला रस्ता लागत नाही, आखही लागत नाही. पण तो शंभर-सव्वाशे किलोंपलीकडे फारसे नेऊ शकत नाही. 1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली. मागोमाग जलंब-खामगाव आणि बडनेरा-अमरावती या छोट्या फाट्यांची भर पडली.

इथे कोणी म्हणेल की वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात नेला तो रेल्वेने, बंडीच्या आखाला एवढे महत्त्व कशाला? पण नकाशा पाहा. मुख्य लोहमार्ग वऱ्हाडातून पश्चिम-पूर्व अशी एकच रेघ ओढून जातो. दर्यापूर, अकोट, कारंजा, अचलपूर ही कापसाची गावे त्या रेघेपासून लांब. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ रेल्वे आली ती विसाव्या शतकात. तोवर, आणि त्यानंतरही, शेत ते जिनिंग आणि जिनिंग ते स्टेशन हा सगळा प्रवास बंडीचा होता. रेल्वेने बंडी हटवली नाही, तिच्या खेपा वाढवल्या. आणि त्याच रेल्वेने बंदरावर उतरलेले परदेशी लोखंडही आत आणले. रेल्वेला माल पुरवणाऱ्या बंडीचा आख रेल्वेनेच स्वस्त केला.

लोखंडी आखाचा मोठा फायदा त्याच्या बारीकपणात होता. समजा, तीन इंच जाडीच्या लाकडी टोकाऐवजी दीड इंचाची सळई आली आणि तुंब्यात ओतीव लोखंडाची नळी बसली. घर्षण तेवढेच धरले, तरी फिरण्याला होणारा त्याचा विरोध निम्म्यावर येतो. पण हलक्या झालेल्या बंडीवर कोणी तेवढेच ओझे ठेवले नाही. पोती वाढली, आणि ताण चाकावर आला. तुंबे फाटू लागले, आरे ढिले पडू लागले, धावेवर भिस्त वाढली. धाव चढवणे हे लोहार-सुतारांचे जोडकाम: चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान लोखंडी पट्टा गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, सांडशींनी उचलून चाकावर ठोकायचा आणि लाकूड पेट घेण्याच्या आत पाणी ओतायचे. लोखंड आवळत जाते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा एकमेकांत घट्ट बसतात. धावेने चाक वाचवले. मग ओझे पुढे गेले ते जुवाखालच्या खांद्यावर. पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलांचे खांदे शेकतात, त्यांना हळद-तूप चोळतात. हा सण लोखंडी आखापेक्षा जुना आहे, हे खरे. पण वर्षभराचा भार नेमका कुठे साचतो, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असल्याची ती साक्ष आहे.

याला उलट बाजू आहे आणि ती हलकी नाही. जास्त ओझे म्हणजे कमी खेपा, आणि लांब जाता येणे म्हणजे बाजार निवडता येणे. कारंज्याला 1886 मध्ये निजामाच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेन्सीच्या हुकमाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानात अशा बाजारांचा आरंभ इथला. पण नियमाने तोलणारा काटा ज्याची बंडी तिथवर पोचते त्यालाच उपयोगी. बाकीच्यांचा कापूस गावातच, सावकाराच्या ओट्यावर, त्याच्या मापाने जाई. तेव्हा चांगला आख म्हणजे घासाघीस करण्याची थोडी ताकद, हे मान्यच करायला हवे. माझा मुद्दा एवढाच, की ही ताकद बंडी आणि बैलजोडी बाळगणाऱ्यालाच मिळाली, आणि तिच्यासाठी लागणारा जादा जोर बैलाने व रस्त्याने पुरवला.

रस्त्याचे दुखणे विसाव्या शतकात सरकारच्या लक्षात आले. दीड-दोन इंच रुंदीची लोखंडी धाव भरल्या बंडीखाली खडीचा रस्ता चिरत जाते. मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1927-28 मध्ये देशभरच्या रस्त्यांचा विचार केला. 1943 मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची वर्गवारी ठरली. या काळात बंडीला हवेचे टायर लावणे हा रस्ता वाचवण्याचाही उपाय वाटू लागला. डनलॉपचे टायर आणि बेअरिंगचा आख घेऊन नवी गाडी आली आणि डांबरी रस्त्यावर ती खरोखर हलकी चालली. शेतवाटेवर तिची गोष्ट वेगळी. तिची चाके लहान, त्यामुळे खोल चाकोरीत आख जमिनीला टेकतो. दोन चाकांतले अंतर जुन्या चाकोरीशी जुळत नाही, म्हणून एक चाक वर आणि एक खाली चालते. आणि धुऱ्यावरच्या ज्या बाभळीने जुन्या चाकाला लाकूड पुरवले, तिचा काटा आता ट्यूबमध्ये शिरतो.

आखाची कमाई कुठे जाते, याचा स्पष्ट पुरावा कायद्यातच आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांवरील क्रूरता रोखण्यासाठी 1965 मध्ये केलेल्या केंद्रीय नियमांत दोन चाकी गाडीसाठी मध्यम बांध्याच्या एका बैलामागे साध्या चाकांवर 700 किलो, हवेच्या टायरवर 1050 आणि बॉलबेअरिंगवर 1400 किलो अशी मर्यादा आहे. मर्यादा असणे चांगलेच, आणि ओढण्याचा जोर हाच मापदंड धरला तर हे आकडे चुकीचेही नाहीत. पण बैलाचा खांदा तोच, उतारावर गाडी थोपवायची तीही त्याच मानेने. तरी बेअरिंगमुळे परवानगी दुप्पट झाली. सुधारलेल्या आखातून बैलाला विसावा द्यावा, हा पर्याय दयेच्या नियमांनीही धरला नाही.

आज बैलजोड्या घटल्या, ट्रॅक्टरची ट्रॉली आली आणि आखाची ताकद हा प्रश्न जवळपास सुटला. मोडण्याची जागा आता पांदण रस्ता आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली, खारपाणपट्ट्यातली चोपण काळी माती पाण्याने फुगते आणि तिथे रस्त्याला मुरूम-दगडही जवळ मिळत नाही. कापूस वेचला जाई तो जमीन सुकल्यावर, त्यामुळे जुन्या बंडीचे भागले. सोयाबीन निघते ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, वाट ओली असताना, आणि भरलेली ट्रॉली तिथेच रुतते. राज्य सरकारने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेखाली पाणंद रस्ते हाती घेतले, ते म्हणूनच योग्य ठिकाणी बोट ठेवणारे आहे. पण रस्ता झाला की त्यावरून ट्रॉलीत किती भरायचे, हा प्रश्न लगेच पुढे येईल. ते ओझे कोणासाठी आणि कोणाच्या जिवावर वाढणार, हे रस्ता बांधतानाच ठरवले नाही, तर गेल्या दीडशे वर्षांतल्या प्रत्येक आखासारखा हा रस्ताही जादा वजनाखाली जाईल.