कंपनीचा वकील कोर्टाच्या नजरेत 'वकील' का नाही? समजून घ्या सोप्या भाषेत

मोहोळ तालुका म्हटलं की पहिल्यांदा ऊस आठवतो. टाकळी सिकंदरचा भीमा सहकारी, अनगरचा लोकनेते, वटवट्याचा जकराया, असे साखर कारखाने याच तालुक्यात आहेत. सोलापूरकडे निघालं की वाटेत चिंचोळी एमआयडीसी लागते. अशा मोठ्या कारखान्यांत आणि कंपन्यांत एक माणूस असतो, ज्याचं नाव बातम्यांत फारसं येत नाही. तो म्हणजे लॉ ऑफिसर, म्हणजेच 'इन-हाऊस' वकील.

नोटिसांना उत्तर देणं, करार तपासणं, कोणत्या कायद्यात कंपनी अडकू शकते हे साहेबांना आधीच सांगणं, हे त्याचं काम. पण त्याने साहेबांना दिलेला सल्ला गुप्त राहतो का? ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि ते अनेक लॉ ऑफिसरांना न रुचणारं आहे.

आधी एक उदाहरण

समजा, एका कारखान्याने उसाचं बिल थकवलं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं. लॉ ऑफिसरने एमडींना ईमेल केला, "साहेब, आपली बाजू कच्ची आहे, व्याज द्यावं लागेल."

पुढे चौकशी लागली आणि अधिकाऱ्यांनी तो ईमेल मागितला तर? हाच सल्ला बाहेरच्या प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाने दिला असता, तर त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं असतं. लॉ ऑफिसरच्या ईमेलला ते मिळत नाही.

असं का? सनदेचा नियम काय सांगतो?

बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ सांगतो की, प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला कुणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली तर ज्या बार कौन्सिलकडे नाव नोंदलं आहे, तिला कळवून प्रॅक्टिस थांबवावी लागते. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल पाहते.

त्यामुळे लॉ ऑफिसर कारखान्याचा प्रतिनिधी म्हणून कागदपत्रं देऊ शकतो, साक्षही देऊ शकतो. पण काळा कोट घालून मोहोळच्या कोर्टात कारखान्याचा वकील म्हणून युक्तिवाद करू शकत नाही. हायकोर्टातही तसंच. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, तिथेही वकीलपत्र बाहेरच्याच वकिलाचं लागतं.

सुप्रीम कोर्टात नेमकं काय झालं?

२०२५ मध्ये ईडीने अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवली होती. वकील संघटनांनी विरोध केल्यावर ती मागे घेतली गेली. अशिलाला दिलेल्या सल्ल्यासाठी वकिलालाच चौकशीला बोलावता येतं का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने स्वतःहून हाती घेतला.

तत्कालीन सरन्यायाधीश, अमरावतीचे भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने वकिलांना दिलासा दिला. कायद्यातल्या अपवादात बसत नसेल, तर अशिलाची माहिती काढण्यासाठी वकिलाला समन्स पाठवता येणार नाही. अपवादात बसत असेल तरी किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी संमती लागेल.

पण इन-हाऊस वकिलांच्या वाट्याला हा दिलासा आला नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १३२ चं संरक्षण 'अ‍ॅडव्होकेट'साठी आहे आणि इन-हाऊस वकील कोर्टात प्रॅक्टिस करत नाहीत, म्हणून ते त्यांना लागू नाही, असं कोर्टाने स्पष्ट केलं.

मग काहीच संरक्षण नाही का?

थोडं आहे. कंपनीने बाहेरचा कायदेशीर सल्लागार नेमला असेल, तर लॉ ऑफिसरने त्याच्याशी केलेला संवाद कलम १३४ खाली गोपनीय राहतो. मात्र मालक आणि लॉ ऑफिसर यांच्या आपसातल्या संवादाला हे कलम लागू होत नाही.

गंमत म्हणजे, मुंबई हायकोर्टाने याआधी वेगळं म्हटलं होतं. मुंबई महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या प्रकरणात पगारी विधी सल्लागारालाही इतर वकिलांसारखंच संरक्षण मिळेल, असा निकाल होता. जगातही एकमत नाही. अमेरिकेत इन-हाऊस वकिलाच्या सल्ल्याला संरक्षण मिळतं. युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या अक्झो नोबेल प्रकरणात, स्पर्धा कायद्याच्या चौकशीत ते नाकारलं. कारण काय दिलं? पगार देणाऱ्यावर अवलंबून असलेला वकील बाहेरच्या वकिलाइतका स्वतंत्र नसतो.

याचा आपल्याशी काय संबंध?

जबाबदाऱ्या मात्र वाढतायत. नोव्हेंबर २०२५ मध्येच चार कामगार संहिता लागू झाल्या. त्याच महिन्यात डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचे नियमही अधिसूचित झाले, ज्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. उसाच्या बाबतीत, एफआरपी हप्त्यांत देण्याची मुभा देणारा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय मुंबई हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. प्रत्येक बदलाचा अर्थ साहेबांना पहिल्यांदा सांगणार लॉ ऑफिसरच.

आता भीती अशी की, तो खरं ते कागदावर लिहायला कचरेल. "फोनवर बोलू" म्हणत सल्ला तोंडी दिला जाईल. चूक वेळेत लेखी सांगणारा माणूस गप्प बसला तर नुकसान कंपनीपुरतं राहत नाही. बिलाची वाट पाहणारा शेतकरी आणि पगाराची वाट पाहणारा कामगारही त्यात येतो.

दुसरी बाजूही आहे. सगळ्याच फायली 'कायदेशीर सल्ला' म्हणून झाकता आल्या, तर गैरव्यवहार शोधायचा कसा? म्हणूनच बाहेरच्या वकिलाच्या बाबतीतही बेकायदा हेतूसाठी झालेल्या संवादाला संरक्षण नाही.

लॉ ऑफिसरांनी काय लक्षात ठेवावं?

• नोकरी धरताना बार कौन्सिलला कळवा.
• वादाची शक्यता असलेल्या विषयावर बाहेरच्या वकिलाचं लेखी मत घ्या.
• त्या वकिलाशी झालेला पत्रव्यवहार वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवू नका.
• ईमेलवर 'गोपनीय' लिहिलं म्हणजे संरक्षण मिळालं, असं समजू नका.

या निकालानंतर चित्र बदलायचं असेल, तर संसदेला कायद्यात दुरुस्ती करावी लागेल किंवा सुप्रीम कोर्टालाच पुन्हा विचार करावा लागेल. तोवर लॉ ऑफिसरने प्रत्येक ईमेल उद्या कोर्टात वाचला जाऊ शकतो, हे धरूनच लिहावा. आणि तरीही खरं तेच लिहावं.