अडकलेली किल्ली

दिवाळीच्या पंगतीत शास्त्र वाढणारा माणूस कोणास आवडत नाही, हे मी जाणतो. परंतु सांगावयाची हकिकत आपल्या रोजच्या पानातील आहे, म्हणून वाचक क्षमा करतील.

आमच्या रिसोडच्या शिवारात पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, थंडीत हरभरा. घरातील म्हातारी माणसे मात्र कडधान्य भिजवावे, मोड आणावेत, डाळ चांगली शिजू द्यावी, असा आग्रह धरीत आली. तो केवळ चवीसाठी होता काय?

अन्न पोटात आपोआप विरघळत नाही. त्याचे तुकडे करणारी द्रव्ये शरीर तयार करते. १८३३ साली पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी मोड आलेल्या सातूतून पिष्टाची साखर करणारे असे एक द्रव्य वेगळे काढले. अशा द्रव्यांना पुढे एन्झाइम हे नाव मिळाले. मराठीत आपण त्यांस विकर म्हणतो. विकर स्वतः खर्ची न पडता काम करते आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. म्हणून १८९४ साली एमिल फिशर यांनी कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. स्वादुपिंडातून आतड्यात येणारे ट्रिप्सिन हे असेच एक कुलूप; प्रथिनाची साखळी त्याच्या खाचेत बसली की ती कापली जाते.

पण खाचेत भलतीच किल्ली अडकून बसली तर? १९१७ साली ऑस्बोर्न आणि मेंडेल यांना अमेरिकेत दिसून आले की, कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजविलेल्यावर वाढतात. १९४५ साली कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून ट्रिप्सिनला अडविणारे प्रथिनच स्फटिकरूपात वेगळे केले. किडींपासून बचावासाठी बियांनी बाळगलेले हे शस्त्र आपल्या पचनासही नडते.

आपल्याकडील कडधान्यांत या शस्त्राचा शोध घेतला तो डॉ. कमला सोहोनी यांनी. त्या माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली, मुलगी म्हणून, बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून का होईना, दार उघडले. केंब्रिजमध्ये, पेशींच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम-सी वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखविले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यांतील ही ट्रिप्सिनरोधक द्रव्ये अभ्यासली. गरिबाच्या प्रथिनांचा मुख्य आधार डाळच. ती अंगी लागावी, ही त्यामागची तळमळ.

उपाय चुलीवरच होता. पाण्यासह उष्णता मिळाली की त्या प्रथिनाची घडी उलगडते, किल्लीचा आकार बिघडतो आणि ट्रिप्सिन मोकळे होते. भिजविण्याने व मोड आणण्याने थोडेफार साधते. खरे काम शिजविण्याचे.

आज आमच्याकडे अनेक घरी पोळीच्या गव्हात कच्चे सोयाबीन मिसळून दळतात. मुलांना प्रथिने मिळावीत, हा हेतू चांगला. पण तव्यावर पोळी मिनिटभरच राहते. तेवढ्याने ते शस्त्र पुरते बोथट होईल, असा भरवसा धरू नये. दाणे आधी पाण्यात उकळावेत, कडकडीत वाळवावेत आणि मगच गिरणीत द्यावेत.