उत्सववृत्तांत, मराठी वृत्तपत्रांतील

सार्वजनिक उत्सवाचा कार्यक्रम, त्यात भाग घेणारा समाज, तेथे झालेली भाषणे व गायने आणि त्या प्रसंगाचे वातावरण यांचे वृत्तपत्रांतून केले जाणारे वर्णन. सभावृत्तांत, न्यायालयीन वृत्तांत व प्रवासपत्र या लेखनप्रकारांशी त्याचे जवळचे नाते आहे. सभावृत्तांतात वक्त्याच्या शब्दांना, तर न्यायालयीन वृत्तांतात साक्षीपुराव्याला प्राधान्य असते. उत्सववृत्तांतात या दोहोंबरोबर दृश्य, नाद, गर्दी व लोकभावना यांनाही शब्दरूप द्यावे लागते. वाचकाला प्रसंग प्रत्यक्ष पाहिल्याचा प्रत्यय यावा, ही या लेखनाची मुख्य अपेक्षा होय. मात्र महाराष्ट्रात हा लेखनप्रकार विकसित झाला तो उत्सवाच्या संयोजकांच्याच हातून. त्यामुळे प्रत्ययकारी वर्णन व प्रचार यांतील सीमारेषा येथे आरंभापासूनच पुसट राहिली. १८९७ मध्ये तर एका उत्सवाचा छापील वृत्तांत राजद्रोहाच्या खटल्यातील पुरावा ठरला.

पार्श्वभूमी : मराठी वृत्तपत्रसृष्टीचा प्रारंभ बाळशास्त्री जांभेकरांच्या दर्पण (१८३२) या पत्राने झाला. पुण्याचे ज्ञानप्रकाश (१८४९) आणि मुंबईचे इंदुप्रकाश (१८६२) ही पत्रे पुढे प्रतिष्ठा पावली. जत्रा, यात्रा, उरूस, पालख्या यांची परंपरा त्याहून कितीतरी जुनी होती. परंतु हे उत्सव पंचांगाने व परंपरेने ठरलेले असत. त्यांना जाणाऱ्या माणसाला तिथी व वाट ठाऊक असे आणि त्यांचा प्रसार करण्यास छापील शब्दाची गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आकारास आलेल्या सार्वजनिक उत्सवांची स्थिती वेगळी होती. त्यांना समिती होती, वर्गणी होती, कार्यक्रमपत्रिका होती आणि घराच्या वा देवळाच्या बाहेरचा श्रोतृवर्गही हवा होता. हा श्रोतृवर्ग मिळवून देण्याचे काम वृत्तपत्रांनी केले. जुन्या उत्सवाला वृत्तांत अनावश्यक होता. नव्या उत्सवाला तो जवळजवळ अपरिहार्य ठरला.

गणेशोत्सवाचे वृत्तांत : ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्याच वर्षी पुण्यात भाऊसाहेब रंगारी, नानासाहेब खासगीवाले प्रभृतींनी सार्वजनिक स्वरूपात गणपती बसविले. मुंबईत गिरगावातील केशवजी नाईक चाळीतही त्याच वर्षी सार्वजनिक गणेशोत्सवास आरंभ झाला. लोकमान्य टिळकांनी [⟶ टिळक, बाळ गंगाधर] केसरीतून या उपक्रमाचे स्वागत केले आणि १८९४ पासून उत्सवाचा वेगाने प्रसार झाला.

केसरी (स्थापना १८८१) त्या वेळी दर मंगळवारी निघणारे साप्ताहिक होते. त्यामुळे त्यातील वृत्तांत उत्सवापाठोपाठ, पुष्कळदा तो आटोपल्यावर वाचकांच्या हाती पडे. बातमी म्हणून तो शिळा असला, तरी नमुना म्हणून त्याचे मोल मोठे होते. पुण्यात मिरवणूक कोणत्या क्रमाने निघाली, किती मेळे होते, व्याख्याने कोणाची झाली, हे वाचून परगावच्या मंडळींना पुढील वर्षाच्या उत्सवाचा आराखडा मिळे. गावोगावच्या हितचिंतकांनी पाठविलेली पत्रे छापली गेल्याने एका गावचा उत्सव दुसऱ्या गावाला दिसू लागला. महाराष्ट्रभर एकाच वेळी एकच उत्सव चालू आहे, ही जाणीव निर्माण होण्यास अशा मजकुराचा हातभार लागला.

या वृत्तांतांच्या वर्णनविषयांत मेळ्यांना विशेष स्थान होते. एकसारखा पोशाख केलेली मुले व तरुण, वाद्यांचा ठेका, कवायतीची शिस्त व रस्त्यातून गायिली जाणारी पदे, असे मेळ्याचे स्वरूप असे. पदांत देवाच्या स्तुतीबरोबर चालू सामाजिक व राजकीय विषय येत आणि त्यांच्या छोट्या पुस्तिकाही छापल्या जात. त्यामुळे मेळ्याचे वर्णन करणाऱ्याने कोणते पद उद्धृत केले व कोणते वगळले, यावरून वृत्तांताचा रोख ठरे.

एकाच घटनेकडे पाहण्याच्या दृष्टींतील भेदही लवकरच दिसू लागला. मोहरमच्या ताबुतांत हिंदूंनी मोठ्या प्रमाणावर भाग घेण्याची जुनी रीत महाराष्ट्रात होती. १८९४ मध्ये पुण्यातील हिंदूंचा हा सहभाग बराच घटला. नव्या उत्सवाच्या पुरस्कर्त्यांना त्यात समाजाची जागृती दिसली, तर इतरांना दोन समाजांच्या शेजारधर्माची हानी. त्याच वर्षी गणेशोत्सवाच्या दिवसांत पुण्यातील दारूवाला पुलाजवळ मशिदीसमोरील वाद्यांवरून दंगल झाली. वाद्ये वाजविणाऱ्यांचा हक्क आणि प्रार्थना करणाऱ्यांची शांतता यांपैकी कशापासून वर्णनाला आरंभ करावयाचा, हा केवळ शैलीचा प्रश्न उरला नाही. सुधारक पक्षाच्या पत्रांनी या नव्या उत्सवाविषयी शंका व्यक्त केल्या. धर्मभावनेला राजकारणाशी जोडण्याचे दुष्परिणाम त्यांना जाणवत होते. आजच्या अभ्यासकाला या परस्परविरोधी वृत्तांतांबरोबर सरकारच्या भाषांतर खात्याने तयार केलेले देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक गोषवारेही पडताळून पाहावे लागतात.

१८९७ चा शिवाजी-उत्सव व खटला : रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याची चळवळ केसरीने १८९५ मध्ये हाती घेतली व १८९६ मध्ये रायगडावर शिवाजी-उत्सव साजरा झाला. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगची तीव्र साथ पसरली. वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालील समितीने घरझडतीच्या कामी गोरे सैनिक नेमले व त्यांच्या वर्तनामुळे शहरात संताप निर्माण झाला. साथीमुळे त्या वर्षीचा पुण्यातील शिवाजी-उत्सव राज्याभिषेकाच्या निमित्ताने जून महिन्यात झाला.

या उत्सवाचा वृत्तांत १५ जून १८९७ च्या केसरीत प्रसिद्ध झाला. प्राध्यापक चिंतामण गंगाधर भानू यांचे अफजलखानाच्या वधाविषयीचे व्याख्यान, इतर वक्त्यांची भाषणे आणि अध्यक्ष या नात्याने टिळकांनी केलेला समारोप यांचा त्यात समावेश होता. परोपकारबुद्धीने, स्वार्थरहित रीतीने केलेल्या कृत्याचा दोष महापुरुषास लागत नाही, हा विचार टिळकांनी गीतेच्या आधारे मांडला होता. त्याच अंकात शिवाजी महाराज आजची देशस्थिती पाहून बोलत आहेत अशी कल्पना केलेली, ‘भवानी तलवार’ या खुणेने स्वाक्षरित कविताही होती. सात दिवसांनी, २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावला व रँड ३ जुलै रोजी. मुंबईतील अँग्लो-इंडियन पत्रांनी केसरीतील मजकुराकडे बोट दाखविले. २७ जुलै रोजी टिळकांना अटक झाली. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांची जामिनावर मुक्तता केली.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे सप्टेंबर १८९७ मध्ये खटला चालला. खुनाशी टिळकांचा संबंध असल्याचा आरोप त्यात नव्हता. अंकातील कविता व उत्सवाचा वृत्तांत यांवरच भारतीय दंडसंहितेच्या १२४ अ या कलमाखाली आरोप ठेवण्यात आला होता. यामुळे उत्सववृत्तांताविषयीचे तीन मूलभूत प्रश्न प्रथमच न्यायालयापुढे आले. पहिला प्रश्न जबाबदारीचा होता. ऐतिहासिक चर्चेचे निवेदन म्हणून मजकूर दिला आहे, असे बचावपक्षाचे म्हणणे होते. परंतु इतरांचे शब्द छापणारा संपादकही त्या शब्दांच्या परिणामास उत्तरदायी ठरतो, ही भूमिका निर्णायक ठरली. शिवाय उत्सवाचा पुरस्कर्ता, सभेचा अध्यक्ष आणि वृत्तांत छापणारा संपादक या तिन्ही नात्यांनी टिळकच उभे होते. दुसरा प्रश्न भाषांतराचा होता. मूळ मराठी वक्तृत्वातील पुराणसंकेत व रूढ शब्दप्रयोग बहुसंख्य ज्यूरींपुढे इंग्रजी वेषात आले आणि शब्दांच्या अर्थच्छटांवर बराच खल झाला. कीर्तन-पुराणाची परंपरा जाणणाऱ्या श्रोत्याला जो दृष्टांत वाटेल, तो अपरिचिताला थेट आदेश वाटू शकतो, ही अडचण येथे उघड झाली. तिसरा प्रश्न वेळेचा होता. साथीच्या व लष्करी झडत्यांच्या दिवसांत सुमारे दोनशे चाळीस वर्षांपूर्वीच्या वधाची चर्चा वाचकाने कोणत्या अर्थाने घ्यावी, हे शब्दांपेक्षा परिस्थितीवर अवलंबून होते.

‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा कलमाचा व्यापक अर्थ स्ट्रेची यांनी ज्यूरीस समजावून सांगितला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपीय सदस्यांनी दोषी व तीन भारतीय सदस्यांनी निर्दोषी असा अभिप्राय दिला. १४ सप्टेंबर रोजी टिळकांना दीड वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. मुद्रक म्हणून सहआरोपी असलेले केशव महादेव बाळ निर्दोष सुटले. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली. टिळकांची सुटका सप्टेंबर १८९८ मध्ये झाली. १८९८ मध्येच १२४ अ हे कलम अधिक विस्तृत करण्यात आले आणि निरनिराळ्या वर्गांत वैमनस्य पसरविण्यासंबंधीचे १५३ अ हे नवे कलम घालण्यात आले. यापुढे उत्सवाचा बातमीदार या दोन्ही कलमांच्या छायेत लिहू लागला.

खटल्यानंतरचा काळ : शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये काळ हे पत्र काढले. त्यातील वक्रोक्तीची शैली अशाच वातावरणात वाढली : उघड बोलणे धोक्याचे झाल्यावर पौराणिक व ऐतिहासिक रूपकांवर भर आला. पुढे सरकारने मेळ्यांवर व त्यांच्या पदांवर निर्बंध घातले. १९१० च्या मुद्रण अधिनियमाने वृत्तपत्रांवरील बंधने आणखी वाढली. याच उत्सवांचा दुसरा, न छापलेला वृत्तांत पोलिस खाते गोपनीय अहवालांतून लिहीत होते. संयोजकाचा वृत्तांत ज्या तपशिलाचा उत्साहाने उल्लेख करी, त्याचीच नोंद पोलिसाचा अहवाल संशयाने करी. गायकांची संख्या, पदांचे विषय, श्रोत्यांचा प्रतिसाद हे तपशील दोन्हींकडे आढळतात व परस्परांच्या आधारे तपासता येतात.

१९२० नंतर उत्सव नेमका कोणाचा, हा प्रश्न वृत्तपत्रांतून तीव्रतेने पुढे आला. पुण्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्याशी निगडित असलेल्या छत्रपती मेळ्याने ब्राह्मणेतर पक्षाचा आवाज उत्सवात आणला. मुंबईत दादर येथे १९२६ मध्ये अस्पृश्यांना सार्वजनिक गणपतीच्या पूजेचा हक्क मिळावा, यासाठी प्रबोधनकार ठाकरे यांनी आग्रह धरला व त्यानंतर तेथे सार्वजनिक नवरात्रोत्सवास चालना दिली. ‘सर्व समाज एकत्र आला’ हे जुन्या वृत्तांतांतील ठराविक विधान अशा प्रसंगांमुळे तपासून घेणे आवश्यक झाले. मंडपात कोण आहे यापेक्षा मंडपाबाहेर कोण उभे आहे, हे पाहणारी दृष्टी ब्राह्मणेतर व दलित चळवळींच्या पत्रांनी दिली.

वर्णनशैलीचा विकास : स्वातंत्र्योत्तर काळात उत्सववर्णनाला ललितगद्याचीही जोड मिळाली. इरावती कर्वे यांनी परिपूर्ती (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखात पंढरीच्या वारीचे चित्रण केले. दिंडीतील ऐक्याइतकेच तेथील जातवार पंगतींचे वास्तवही त्यांनी टिपले. दि. बा. मोकाशी यांचे पालखी (१९६४) हे पुस्तक आळंदी ते पंढरपूर या प्रत्यक्ष चालीवर आधारलेले आहे. ही वृत्तपत्री लेखने नव्हेत. तथापि मुक्कामाच्या जागी बसून न लिहिता सोबत चालून लिहिणे, सामान्य वारकऱ्याचे बोलणे त्याच्याच भाषेत ऐकणे आणि आपला थकवा, शंका वा अलिप्तता न लपविणे, या गोष्टींचा आदर्श त्यांनी निर्माण केला. पालखीसोहळ्याच्या दिवसांत दैनिकांतून येणाऱ्या वारीविषयक सदरांत ही दृष्टी पुष्कळदा आढळते.

छायाचित्रे, नभोवाणी व दूरचित्रवाणी (मुंबई केंद्र, १९७२) यांमुळे केवळ दृश्य सांगण्याची लेखणीची मक्तेदारी संपली. १९९० नंतर खासगी वाहिन्यांवर विसर्जन-मिरवणुकीचे थेट प्रक्षेपण होऊ लागले. परिणामी छापील वृत्तांत दृश्याकडून कारणांकडे व परिणामांकडे वळला. ध्वनिप्रदूषणविषयक नियम (२०००) झाल्यानंतर आवाजाची डेसिबलमधील मोजणी, मिरवणुकीला लागलेले तास, नदी-समुद्रातील प्रदूषण व सफाई कामगारांचे श्रम हे वर्ण्य विषय बनले. २०२० मध्ये कोविड साथीमुळे संतांच्या पादुका एसटीच्या बसगाड्यांतून पंढरपूरला नेण्यात आल्या. माणसांवाचून रिकाम्या असलेल्या वाटेचे वर्णन करण्याचा अपूर्व प्रसंग तेव्हा बातमीदारांवर आला. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. ज्या उत्सवाच्या वृत्तांतांवर शासन एके काळी पाळत ठेवीत होते, त्याचे शासनच आता पुरस्कर्ते झाले आहे.

मूल्यमापन : इतिहासाचे साधन म्हणून उत्सववृत्तांत मोलाचा असला, तरी एकट्यानेच विश्वसनीय मानता येत नाही. गर्दीचे आकडे व ऐक्याची विधाने यांपेक्षा मार्ग, क्रम, पदे, वक्ते, वर्गणीदार यांसारखे लहान तपशील अधिक भरवशाचे ठरतात. कारण ते प्रसंगी हजर असलेला वाचक सहज पडताळू शकत होता. वृत्तांताचा जिवंतपणाही विशेषणांपेक्षा याच तपशिलांतून येतो. लिहिणाऱ्याचे उत्सवाशी नाते कोणते, हे मात्र प्रत्येक वेळी तपासावे लागते. १८९७ च्या खटल्याने या नात्याची किंमत एका संपादकाला मोजावयास लावली. त्याबरोबरच, उत्सवाचे वर्णन ही त्या उत्सवातील एक कृतीच असते, हेही त्याने कायमचे नोंदवून ठेवले.