हिरवळीची कापणी

हिरवळीची कापणी म्हणजे बाग, अंगण, मैदान अशा ठिकाणी जोपासलेले गवत ठरावीक उंचीवर राखण्यासाठी ते वारंवार कापणे होय. चाऱ्यासाठी होणाऱ्या गवतकापणीहून ती वेगळी आहे. येथे कापून निघालेल्या गवताला मोल नसते, मागे उरलेले गवत हेच कामाचे फलित असते. ब्रिटन, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत हा मोठा सेवाव्यवसाय आहे. महाराष्ट्रात ‘लॉन्स’ म्हटले की उघड्यावरचे मंगल कार्यालय डोळ्यांपुढे येते; प्रस्तुत लेख मात्र हिरवळीविषयी आहे.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापत किंवा तिच्यावर मेंढ्या चारत. विळ्याला दवाने ओलावलेले गवत सोयीचे पडे, म्हणून हे काम पहाटे चाले. इतकी माणसे पदरी बाळगणे केवळ जमीनदारांना परवडत असल्याने सफाईदार हिरवळ ही श्रीमंतीची खूण ठरली. इंग्लंडमधील स्ट्राउड परिसरातील यंत्रज्ञ एडविन बडिंग याने १८३० साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरणारे गिरणीतील यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. १८३२ पासून इप्सविच येथील रॅन्सम्स या कारखान्याने परवाना घेऊन अशी यंत्रे बनवण्यास प्रारंभ केला. फिरत्या नळकांड्यावरील पाती व खालचे स्थिर पाते यांच्यामध्ये गवत कात्रीप्रमाणे कापले जाते, हे त्याचे तत्त्व आजही उत्तम मैदानांवर वापरात आहे. घरगुती वापरात मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आडव्या चक्री पात्याचे यंत्र रूढ झाले.

अमेरिकेतील हिरवळींचे एकूण क्षेत्र सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर असावे, असा अंदाज २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्तवला आहे. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरते.

कापणीची उंची

गवताचा वाढबिंदू जमिनीलगत असल्यामुळे पाते कापले तरी ते पुन्हा वाढते. परंतु पाते हेच अन्न तयार करणारे अंग आहे. एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, असा सर्वमान्य नियम आहे. ३ इंच उंची राखायची असेल, तर गवत साडेचार इंचांच्या पुढे जाण्याआधी कापले पाहिजे. याहून अधिक कापल्यास मुळांची वाढ खुंटते, जमीन उघडी पडते आणि तणांना ऊन मिळते. योग्य उंची गवताच्या जातीवर अवलंबून असते. थंड प्रदेशातील केंटकी ब्लूग्राससाठी अडीच ते साडेतीन इंच आणि उंच फेस्क्यूसाठी ३ ते ४ इंच उंची चांगली मानतात. हरळी जमिनीलगत पसरणारी असल्यामुळे १ ते २ इंचांवरही दाट राहते.

बोथट पाते गवत कापत नाही, फाडते. अशा पात्यांची टोके एकदोन दिवसांत पांढुरकी पडतात. ओल्या गवताचे गोळे होतात, म्हणून यंत्राने कापताना दव सुकू देतात. दर खेपेस दिशा बदलल्याने चाकांच्या चाकोऱ्या पडत नाहीत. बारीक कापलेले गवत जागीच पडू दिले, तर ते कुजून हिरवळीला लागणाऱ्या नत्राचा सुमारे पाव भाग भरून काढू शकते.

ग्राहकाची पसंती

व्यवसाय म्हणून कापणी करणाऱ्याची खरी अडचण येथे सुरू होते. ग्राहकाची नेहमीची मागणी ‘अगदी बारीक कापा, म्हणजे लवकर वाढणार नाही’ अशी असते. वस्तुतः अतिबारीक कापलेली हिरवळ पिवळी पडते आणि दोन महिन्यांनी तोच ग्राहक कापणाऱ्याला दोष देतो. नुसता नकार दिल्यास काम दुसऱ्याकडे जाते. म्हणून अनुभवी व्यावसायिक मागच्या बाजूचा एखादा पट्टा ग्राहकाच्या उंचीवर व उरलेला भाग योग्य उंचीवर कापतात आणि पंधरवड्याने दोन्ही भाग दाखवतात. उंची खरोखरच कमी करायची असेल, तर ती तीनचार कापण्यांत उतरवीत आणतात. ठरलेली उंची, कडा छाटणे, कापलेले गवत उचलणे, फाटक, पाळीव कुत्रा व जमिनीतील पाण्याचे फवारे यांची पहिल्याच भेटीत लेखी नोंद करणे हितावह ठरते. निम्मे तंटे फुटलेल्या फवाऱ्यावरून होतात असे म्हटले, तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

करार वाराने होतो आणि गवत हवामानाने वाढते, हा पेच अधिक अवघड आहे. दर खेपेस पैसे मिळत असतील, तर कोरड्या आठवड्यात न कापणे गवताच्या हिताचे असले, तरी त्या दिवशी कामगाराची मजुरी बुडते. काही व्यावसायिक म्हणूनच संपूर्ण हंगामाचे समान मासिक हप्ते ठरवतात आणि कोरड्या दिवशी कडा छाटणे, तण काढणे अशी कामे करतात. अमेरिकेत या कामावर मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेले कामगार मोठ्या संख्येने असतात. ग्राहकाने मालकाला सांगितलेली आवड त्यांच्यापर्यंत न पोहोचणे, हेही तक्रारींचे एक कारण असते.

ग्राहकाची आवड सर्वस्वी त्याची स्वतःची नसते. अमेरिकेतील अनेक शहरांत साधारण ८ ते १२ इंचांहून उंच वाढलेल्या गवताबद्दल दंड होतो. शेजाऱ्यांची नजर तर त्याहून कडक. उलट ब्रिटनमध्ये प्लांटलाइफ या संस्थेने २०१९ साली मे महिन्यात हिरवळ न कापण्याचे आवाहन सुरू केले, जेणेकरून रानफुले फुलून मधमाश्यांना अन्न मिळावे. असा ग्राहक मधले गवत वाढू देऊन केवळ कडेचा पट्टा कापून मागतो, म्हणजे दुर्लक्ष नसून हे हेतुपुरस्सर आहे, हे शेजाऱ्यांना कळते. हिरवळीवरील फिक्या-गडद पट्ट्यांची हौसही ब्रिटिशच. रोलरने पाती विरुद्ध दिशांना वाकवल्यामुळे प्रकाश निरनिराळा परावर्तित होतो, एवढेच त्यामागील रहस्य. क्रिकेटच्या मैदानावर हे पट्टे सर्वांच्या परिचयाचे आहेत.

महाराष्ट्रातील स्वरूप

महाराष्ट्रातील शहरांत गृहनिर्माण संस्था, बंगले व सार्वजनिक उद्याने येथे हे काम माळी करतात. संस्थेत ग्राहक एक नसतो. सकाळी अनवाणी फिरणाऱ्यांना गवत मऊ हवे असते, मुलांना खेळायला बारीक हवे असते, आणि तळमजल्यावरच्यांना यंत्राचा आवाज नको असतो. अशा वेळी माळ्याने व्यवस्थापन समितीच्या एकाच सदस्याकडून सूचना घेणे सोयीचे पडते. अनेक ठिकाणी नायलॉनच्या दोरीचा ब्रश कटर वापरतात. त्याने उंची एकसारखी राहत नाही आणि झाडांच्या बुंध्यांची साल सोलली जाते. पावसाळ्यात हरळी झपाट्याने वाढते व हिवाळ्यात मंदावते, त्यामुळे वर्षभर एकच वेळापत्रक चालत नाही. समारंभाच्या लॉन्सवर गालिच्यांखाली दबून पिवळे पडलेले गवत लगेच कापण्याऐवजी आधी त्याला पाणी देऊन उभारी येऊ देतात.