वसमतची हळद परदेशात विकायची आहे? आधी हे नियम समजून घ्या

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. तेव्हापासून घरची हळद इन्स्टाग्रामवर टाकून थेट दुबई-लंडनला विकता येईल का, हा प्रश्न बऱ्याच तरुणांना पडतो. येते, नक्की येते. पण फोटो चांगला असून भागत नाही. माल ज्या देशात उतरतो, तिथला कायदा त्याला लागू होतो.

सुरुवातीला कोणती कागदपत्रं लागतात?

- आयईसी: आयात-निर्यातीचा कोड. डीजीएफटीच्या वेबसाइटवर पॅन कार्डाच्या आधारे मोबाइलवरूनही अर्ज करता येतो. सरकारी शुल्क ५०० रुपये. एजंट हजारो रुपये मागत असेल, तर ती त्याची फी आहे, सरकारची नाही.
- मसाला बोर्डाची नोंदणी: हळद मसाल्यात येते, त्यामुळे निर्यातदार म्हणून बोर्डाचं प्रमाणपत्र (सीआरईएस) लागतं.
- एफएसएसएआय परवाना: निर्यातदाराला केंद्रीय परवाना घ्यावा लागतो.

जीआय टॅग कुणीही लावू शकतो का?

नाही. हळद वसमतची असली तरी पाकिटावर टॅग वापरण्यासाठी ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते. दुसरीकडची हळद आणून ‘वसमत’ म्हणून विकली, तर १९९९ च्या जीआय कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय हा टॅग भारतातला आहे. परदेशात तेच संरक्षण आपोआप मिळत नाही, तिथे वेगळी नोंदणी करावी लागते.

माल परत का येतो?

मुख्य कारणं तीन.

*शिसं.* हळकुंड जास्त पिवळंधमक दिसावं म्हणून पॉलिश करताना काही जण लेड क्रोमेट वापरतात. हा रंगकामातला पिवळा रंग. त्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही.

*अफ्लाटॉक्सिन.* शिजवलेली हळद नीट वाळली नाही की बुरशी धरते आणि हे विष तयार होतं. युरोपात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम आहे.

*इथिलीन ऑक्साइड.* जंतू मारण्यासाठी वापरला जाणारा हा वायू माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने याच कारणावरून दोन नामांकित भारतीय ब्रँडच्या चार मसाल्यांची विक्री थांबवली होती.

‘आपल्याकडे पास, तिकडे नापास’ म्हणजे काय?

भारताच्या २०११ च्या नियमांत हळदीतल्या शिशाची मर्यादा किलोला १० मिलीग्रॅम ठेवली आहे. युरोपीय संघात २०२१ पासून ती १.५ आहे. म्हणजे किलोला ४ मिलीग्रॅम शिसं असलेला लॉट इथे या मर्यादेत बसतो, पण तिथे नाकारला जातो.

खरी परीक्षा इथेच आहे. तो परत आलेला लॉट गावच्या बाजारात विकायचा का? १० ही मर्यादा वरून मिसळलेल्या रंगासाठी नाही. लेड क्रोमेट मिसळणं भारतातही बेकायदेशीर आहे, मग आकडा कितीही कमी येवो. अन्न सुरक्षा कायदा २००६ नुसार असुरक्षित अन्नामुळे कुणाचा मृत्यू झाला, तर किमान सात वर्षं कैद, जन्मठेपही होऊ शकते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, युरोपातल्या पोराने खाऊ नये ती हळद आपल्या पोरांच्या वरणात का जावी?

हे थांबवता येतं. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. लोकजागृती, तपासण्या आणि दंड यांमुळे २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं.

मोबाइलवरून काय तपासाल?

- लॅब रिपोर्टवर एनएबीएलचा प्रमाणपत्र क्रमांक असतो. तो एनएबीएलच्या वेबसाइटवर शोधा.
- रिपोर्टमधला बॅच नंबर आणि पोत्यावरचा नंबर एकच आहे ना, ते बघा. पीडीएफमधला आकडा ‘एडिट’ करणं म्हणजे बनावट दस्तऐवज, थेट गुन्हा.
- युरोपात कोणता माल का अडवला, ते ‘रॅसफ’च्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. अमेरिकेसाठी एफडीएचे ‘इम्पोर्ट अलर्ट’ बघा.
- घरी ग्लासभर पाण्यात हळकुंड टाका. लगेच गडद पिवळा रंग सुटला तर संशय घ्या. पण ही फक्त प्राथमिक चाचणी आहे, शिशाचं प्रमाण लॅबमध्येच कळतं.

‘सेटिंग करून देतो’ म्हणणारा भेटला तर?

२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार करा, कायदा तुम्हाला संरक्षण देतो. आणि इथे पैसे देऊन कागद मिळवलात, तरी तिकडच्या बंदरावर नमुना पुन्हा तपासला जाऊ शकतो.

म्हणून ऑर्डर घेण्याआधी गिऱ्हाइकाला त्याच्या देशाची मर्यादा विचारा, त्या मर्यादेप्रमाणे लॉट तपासून घ्या आणि मगच भाव सांगा. तपासणीचा खर्च भावात धरा. लॉट नापास झाला, तर तो बाजूला ठेवा आणि कुठल्या टप्प्यावर गडबड झाली ते आधी शोधा: शिजवताना, वाळवताना की पॉलिशला.