युद्धवार्तेचे साधन म्हणून समाजमाध्यमे : सीरियातील युद्धाच्या संदर्भात परस्परविरोधी युक्तिवादांचा तौलनिक अभ्यास

प्रस्तावना

फेब्रुवारी १९८२ मध्ये सीरियातील हमा या शहरातील मुस्लिम ब्रदरहूडचा उठाव राष्ट्राध्यक्ष हाफिज अल-असद यांच्या सरकारने लष्करी बळावर मोडून काढला. जवळजवळ महिनाभर शहर वेढलेले होते. परदेशी वार्ताहरांना तेथे प्रवेश नव्हता आणि त्या दिवसांची छायाचित्रे अगदी मोजकी आहेत. मृतांची संख्या काही अभ्यासक १० हजार, तर काही ४० हजारांपर्यंत सांगतात. चार दशके उलटून गेली तरी हे अंतर कमी झालेले नाही, कारण ते कमी करण्यासाठी लागणारी साधनेच निर्माण झाली नाहीत.

मार्च २०११ मध्ये दरआ येथून सीरियात पुन्हा सरकारविरोधी आंदोलन सुरू झाले. सत्तेवर हाफिज यांचे पुत्र बशर अल-असद होते आणि परदेशी पत्रकारांवरील निर्बंधही पूर्वीसारखेच होते. परंतु या वेळी सामान्य नागरिकांच्या हाती चित्रीकरण करणारा मोबाईल होता. यूट्यूब, फेसबुक आणि ट्विटर (२०२३ पासूनचे नाव एक्स) यांच्याद्वारे सीरियातील मोर्चे, गोळीबार व बॉम्बफेक जगासमोर येऊ लागली. हमाच्या वेळचे मौन संपले. मात्र त्याची जागा विश्वसनीय ज्ञानाने घेतली की केवळ विपुल गोंधळाने, याविषयी अभ्यासकांत मतभेद निर्माण झाले. या मतभेदांतील प्रमुख युक्तिवादांची तुलना करणे आणि इतिहासाचे साधन म्हणून समाजमाध्यमांचे मूल्य ठरविण्याचे निकष शोधणे, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

युद्धवार्तेविषयीचा संशय समाजमाध्यमांबरोबर जन्माला आलेला नाही. क्रिमियन युद्धात १८५४ पासून ‘द टाइम्स’चे विल्यम हॉवर्ड रसेल यांनी रणभूमीवरून पाठविलेल्या वार्तापत्रांमुळे ब्रिटिश सैन्याची दुरवस्था लोकांसमोर आली. त्याच युद्धातील १८५५ ची रॉजर फेंटन यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. एकाच जागेवरून घेतलेल्या त्यांच्या दोन छायाचित्रांपैकी एकात रस्त्यावर तोफगोळे विखुरलेले आहेत, तर दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. ते गोळे मुद्दाम रस्त्यावर मांडले गेले काय, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. छायाचित्र खोटे बोलत नाही, हा समज युद्धछायाचित्रणाच्या आरंभापासूनच संशयास्पद होता, असे यावरून म्हणता येईल.

मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. रसेल यांच्या वृत्तामागे एक नाव होते आणि त्यामागे जबाबदारी घेणारा संपादक होता. २००३ मध्ये बगदादमधील एका तरुण वास्तुविशारदाने ‘सलाम पॅक्स’ या टोपणनावाने ब्लॉगवर युद्धकाळातील नागरी जीवनाचे वर्णन केले, तेव्हा ही साखळी तुटली. असा कोणी लेखक खरोखर आहे काय, अशी शंका अनेकांनी घेतली. पुढे तो खरा असल्याचे सिद्ध झाले. याउलट २०११ मध्ये दमास्कसमधील एका तरुणीच्या नावे लिहिला जाणारा ब्लॉग जगभर वाचला गेला. तिचे अपहरण झाल्याची वार्ता पसरली, तेव्हा तिच्या सुटकेसाठी मोहीमही सुरू झाली; आणि जून २०११ मध्ये ते लेखन एडिनबर्ग येथे शिकणाऱ्या एका अमेरिकी पुरुषाचे असल्याचे उघड झाले. दोन्ही लेखने टोपणनावाची, दोन्हींची शैली आत्मीय. एक अस्सल, दुसरे बनावट. केवळ लेखनाच्या स्वरूपावरून सत्यासत्य ठरविता येत नाही, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पहिला युक्तिवाद : साक्षीदाराचा आवाज

समाजमाध्यमांच्या समर्थकांच्या मते, राज्यसंस्था आणि मोठी वृत्तपत्रे यांची वार्तेवरील मक्तेदारी या माध्यमांनी मोडली. ज्यांच्यावर बॉम्ब पडतात तेच वार्ता देऊ लागले. फेब्रुवारी २०१२ मध्ये होम्स शहराच्या बाबा अम्र भागावर तोफांचा भडिमार चालू असताना तेथील चित्रफिती स्थानिक तरुणांनीच बाहेर पाठविल्या. त्या नसत्या तर बाबा अम्रची गतही हमासारखीच झाली असती, असे या पक्षाचे प्रतिपादन आहे आणि ते वजनदार आहे.

या युक्तिवादाला एक मर्यादा मात्र आहे. स्थानिक साक्षीदार हा बहुधा संघर्षातील एक पक्षही असतो. तो जे चित्रित करतो ते खरे असले, तरी काय चित्रित करायचे याची निवड त्याच्या पक्षाच्या गरजेनुसार होते. शिवाय व्यावसायिक वार्ताहर आणि नागरिक-साक्षीदार हे परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत, ही कल्पनाही सीरियात टिकत नाही. ‘संडे टाइम्स’च्या मारी कोल्विन आणि फ्रेंच छायाचित्रकार रेमी ओश्लिक हे २२ फेब्रुवारी २०१२ रोजी बाबा अम्रमध्ये मारले गेले, ते स्थानिक कार्यकर्त्यांच्या माध्यमकेंद्रावर झालेल्या तोफमाऱ्यात. दोघांचे काम एकाच छपराखाली, एकमेकांच्या आधाराने चालले होते.

दुसरा युक्तिवाद : प्रचाराचे हत्यार

एव्हगेनी मोरोझोव यांनी २०११ मध्येच प्रतिपादन केले होते की, इंटरनेटचा लाभ आंदोलकांइतकाच हुकूमशाही राजवटींनाही होतो. सीरियातील अनुभवाने त्यास पुष्टी दिली. असद सरकारच्या बाजूने काम करणाऱ्या ‘सीरियन इलेक्ट्रॉनिक आर्मी’ने २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या ट्विटर खात्यावर ताबा मिळवून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याची खोटी बातमी दिली आणि काही मिनिटांपुरता अमेरिकी शेअर बाजार घसरला. नोव्हेंबर २०१४ मध्ये गोळीबारातून एका मुलीला वाचविणाऱ्या सीरियन मुलाची चित्रफीत लक्षावधी लोकांनी पाहिली. ती एका नॉर्वेजियन दिग्दर्शकाने माल्टामध्ये नट घेऊन चित्रित केलेली होती.

परंतु हा दोष केवळ समाजमाध्यमांचा मानणेही योग्य ठरणार नाही. २५ मे २०१२ रोजी हौला येथे १०८ लोकांचे हत्याकांड झाले. त्या वृत्तासोबत बीबीसीच्या संकेतस्थळावर कफनांच्या रांगांचे जे छायाचित्र झळकले, ते प्रत्यक्षात २००३ मध्ये इराकमध्ये घेतलेले होते. ते घेणाऱ्या छायाचित्रकारानेच ते ओळखले, तेव्हा चूक दुरुस्त झाली. हत्याकांड खरे होते, छायाचित्रही खरे होते. खोटा होता तो दोहोंमधील संबंध. तेव्हा ‘हे चित्र खरे आहे काय’ हा प्रश्न अपुरा असून, ‘हे चित्र कोठले, केव्हाचे आणि कोणी घेतलेले’ हा खरा प्रश्न आहे.

तिसरा युक्तिवाद : निवडीची अदृश्यता

मार्क लिंच, डीन फ्रीलॉन आणि शॉन अडे यांनी जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सीरियाविषयक अभ्यासात वेगळा मुद्दा मांडला. समाजमाध्यमांवरील माहिती थेट, मध्यस्थाविना आपल्यापर्यंत पोहोचते, हा वाचकाचा समजच भ्रामक आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. प्रत्यक्षात काही मोजक्या व्यक्ती व गट त्या माहितीची निवड करतात आणि ही निवड वाचकाला दिसत नाही. इंग्रजी भाषेतील ट्विटरवर दिसणारे सीरिया आणि अरबी भाषेतील ट्विटरवर दिसणारे सीरिया यांत मोठे अंतर होते, हेही त्यांनी दाखविले.

तिन्ही युक्तिवादांत हा सर्वांत सूक्ष्म आहे, कारण तो बनावटपणावर अवलंबून नाही. प्रत्येक चित्रफीत अस्सल असूनही त्यांतून उभे राहणारे एकूण चित्र एकांगी असू शकते.

घौता : युक्तिवादांची कसोटी

२१ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे दमास्कसच्या उपनगरी भागात, घौता येथे, रासायनिक अस्त्रांचा हल्ला झाला. शरीरावर जखमा नसलेल्या, श्वासासाठी तडफडणाऱ्या आणि मृत व्यक्तींच्या चित्रफिती काही तासांतच यूट्यूबवर आल्या. संयुक्त राष्ट्रांचे तपासपथक १८ ऑगस्टपासून दमास्कसमध्येच होते. तथापि बाधित भागात त्याला २६ ऑगस्टपर्यंत जाता आले नाही. जमिनीवरून डागलेल्या अग्निबाणांतून सरीन हा विषारी वायू वापरला गेला, असा निष्कर्ष पथकाने १६ सप्टेंबरच्या अहवालात काढला. हल्ला कोणी केला हे ठरविणे त्याच्या कार्यकक्षेत नव्हते.

मृतांच्या संख्येविषयीचे दावे येथे उद्बोधक आहेत. अमेरिकी सरकारने १,४२९ ही संख्या दिली. फ्रेंच सरकारने चित्रफितींतील मृतदेह मोजून किमान २८१ असा आकडा दिला. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने आपल्या साहाय्यावर चालणाऱ्या तीन रुग्णालयांत सुमारे ३,६०० बाधित आल्याचे व त्यांपैकी ३५५ दगावल्याचे नोंदविले. यातील प्रत्येक आकडा वेगळ्या प्रकारच्या साधनातून आलेला आहे. चित्रफीत चौकटीत आलेले मोजते, रुग्णालय दारात आलेल्यांचीच नोंद करते. साधनाची मर्यादा विसरून हे आकडे एका रांगेत ठेवले, तर ते परस्परविरोधी वाटतात. मर्यादा ध्यानात घेतली, तर ते परस्परपूरक ठरू शकतात.

हल्ल्याच्या जबाबदारीविषयीचा वाद अधिक बोलका आहे. ज्येष्ठ अमेरिकी पत्रकार सेमोर हर्ष यांनी डिसेंबर २०१३ मध्ये ‘लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स’मधील लेखात, अमेरिकी प्रशासनाने गुप्तवार्ता सोयीनुसार निवडल्या आणि बंडखोरांपैकी अल-नुस्रा गटाकडे सरीन असण्याची शक्यता दडविली, असा आरोप केला. त्यांचा आधार प्रामुख्याने निनावी अधिकाऱ्यांच्या माहितीचा होता. त्यास इंग्लंडमधील लेस्टर येथे बसून चित्रफितींचा अभ्यास करणाऱ्या एलियट हिगिन्स यांनी उत्तर दिले. घौता येथे सापडलेल्या प्रकारचेच अग्निबाण त्यापूर्वी सरकारी सैन्याकडे असल्याचे त्यांनी जुन्या चित्रफितींच्या आधारे दाखविले. जानेवारी २०१४ मध्ये रिचर्ड लॉइड आणि थिओडोर पोस्टॉल यांनी त्याच अग्निबाणांच्या प्रसिद्ध छायाचित्रांवरून त्यांचा पल्ला सुमारे २ किलोमीटर असल्याचे गणित मांडले आणि अमेरिकी सरकारच्या नकाशातील डागण्याच्या स्थानांना आव्हान दिले. त्यावर, तितक्या अंतरातही सरकारी सैन्याच्या जागा होत्या काय, याचा शोध हिगिन्स यांनी पुन्हा चित्रफितींतूनच घेतला.

या वादात कोणाची बाजू अधिक सबळ ठरली, यापेक्षा त्याची रीत इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाची आहे. नामांकित पत्रकाराचा निनावी स्रोत वाचकाला पुन्हा तपासता येत नव्हता. अनोळखी व्यक्तीने घेतलेली चित्रफीत मात्र दोन्ही पक्षांना तपासता येत होती. तिच्यातील इमारती, सावल्या आणि अग्निबाणाची मापे कोणालाही मोजता येत होती. वृत्ताचे मूल्य सांगणाऱ्याच्या प्रतिष्ठेवर ठरते, ही परंपरागत धारणा येथे डळमळीत झाली आणि पुनर्तपासणीची शक्यता हा निकष पुढे आला.

साधनचिकित्सा आणि दफ्तराचा प्रश्न

महाराष्ट्रातील इतिहासाच्या अभ्यासकांना हा निकष अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो पानिपतच्या काळातील पत्रव्यवहाराचा, आणि मागाहून रचलेल्या बखरींपेक्षा समकालीन अस्सल पत्रांना प्राधान्य देण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लांग्ल्वा व सेन्योबोस यांचा इतिहाससंशोधनपद्धतीवरील ग्रंथ निघाला, त्यात साधनांच्या बहिरंग व अंतरंग परीक्षणाची शास्त्रशुद्ध मांडणी आहे. सीरियातील चित्रफीत या कसोट्यांवर घासली असता तिचे संमिश्र रूप दिसते. ती पत्रासारखी समकालीन आहे. परंतु तिच्यावर शिक्का नाही, बहुधा लेखकाचे नाव नाही आणि बखरीप्रमाणे ती श्रोत्याला पटविण्यासाठीही रचलेली असू शकते. म्हणून तिचे बहिरंग परीक्षण अधिक काटेकोर व्हावयास हवे.

परंतु परीक्षणासाठी साधन शिल्लक राहिले पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये यूट्यूबने दहशतवादी आशय हटविण्यासाठी स्वयंचलित यंत्रणा लावली, तेव्हा सीरियातील अत्याचारांची नोंद ठेवणाऱ्या अनेक गटांच्या वाहिन्याही पुसल्या गेल्या. त्यांतील काही तक्रारीनंतर परत आल्या. २०१४ पासून अशा चित्रफिती जतन करणाऱ्या ‘सीरियन आर्काइव्ह’सारख्या स्वयंसेवी प्रयत्नांचे मोल या वेळी कळले. विशेष असे की, त्याच ऑगस्ट महिन्यात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातील सेनाधिकारी महमूद अल-वेरफली यांच्याविरुद्ध प्रामुख्याने समाजमाध्यमांवरील चित्रफितींच्या आधारे अटकेचे वॉरंट काढले. ज्या प्रकारचे साधन एका न्यायसंस्थेने पुरावा म्हणून स्वीकारले, त्याच प्रकारचे साधन एक खासगी कंपनी पुसून टाकत होती. वेरफली मार्च २०२१ मध्ये मारले गेले, त्यामुळे तो पुरावा सुनावणीत तपासला गेला नाही. डिजिटल पुराव्याचे संकलन व जतन कसे करावे, याविषयी संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली यांनी २०२० मध्ये ‘बर्कली प्रोटोकॉल’ सिद्ध केला.

याच्या तुलनेत दुसरे एक साधन पाहण्यासारखे आहे. ‘सीझर’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या लष्करी छायाचित्रकाराने २०१३ मध्ये सीरियातून बाहेर आणलेली सुमारे ५३ हजार छायाचित्रे ही राज्यसंस्थेचीच दफ्तरी नोंद होती. जर्मनीतील कोब्लेंझ येथील खटल्यात ती पुरावा म्हणून वापरली गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये सीरियन गुप्तचर खात्याच्या एका माजी अधिकाऱ्याला जन्मठेप झाली. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद राजवट कोसळल्यानंतर त्या राज्यसंस्थेची कागदपत्रे उजेडात येऊ लागली. नागरिकांच्या चित्रफिती आणि राजवटीचे दफ्तर एकमेकांशी ताडून पाहण्याची संधी त्यामुळे निर्माण झाली आहे.

निष्कर्ष

१. समाजमाध्यमे विश्वसनीय की अविश्वसनीय, हा प्रश्नच सदोष आहे. ती एक साधन नसून साधनांचा ढीग आहे. प्रत्येक नोंदीचे स्वतंत्र परीक्षण आवश्यक आहे.

२. ‘काय घडले, कोठे व कसे’ या प्रश्नांची उत्तरे चित्रफिती चांगल्या प्रकारे देऊ शकतात. ‘कोणी व का’ यासाठी कागदपत्रे, साक्षी व स्थळपाहणी यांची जोड लागते.

३. पहिला युक्तिवाद साधनाच्या निर्मितीविषयी, दुसरा त्याच्या अस्सलतेविषयी आणि तिसरा त्याच्या निवडीविषयी बोलतो. त्यामुळे ते एकमेकांस खोडून न काढता परीक्षणाच्या तीन पायऱ्या सुचवितात.

४. जतन ही चौथी पायरी तिन्ही युक्तिवादांत दुर्लक्षित राहिली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने हुबेहूब बनावट चित्रे तयार होऊ लागल्यावर, मूळ नोंद केव्हा व कोणी प्रसिद्ध केली हे दाखविणाऱ्या संग्रहांची गरज वाढली आहे.

हमा येथील मृतांची संख्या आजही १० हजार आणि ४० हजार यांच्यामध्ये अडकलेली आहे, कारण तेव्हा नोंद झाली नाही. २०११ नंतरच्या सीरियात नोंद झाली. ती करताना अनेकांनी प्राण गमावले. ती नोंद परदेशातील कंपन्यांच्या धोरणानुसार नाहीशी झाली, तर पुढील पिढीतील इतिहासकार हमाच्याच अवस्थेला येऊन पोहोचेल. यास्तव महाविद्यालयीन स्तरावर इतिहाससंशोधनपद्धती शिकविताना मोडी कागद व ताम्रपट यांच्या परीक्षणाबरोबरच डिजिटल साधनांच्या परीक्षणाचा व जतनाचाही समावेश होणे अगत्याचे आहे.