आपली टीम, पुण्याची टीम, सहाराची टीम

तर मंडळी, या वीकेंडचा विषय ऐकूनच निम्मे लोक टॅब बंद करतील: सहारा पुणे वॉरियर्स. आयपीएलमध्ये २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं होऊन गेलेली टीम. ४६ मॅचेस, १२ विजय, ३३ पराभव, एक मॅच निकालाविना. गंमत म्हणजे तिन्ही सीझनमध्ये विजय बरोब्बर चार-चार. याला सातत्य म्हणतात. :)

क्रिकेटचा इतिहास जिंकणाऱ्यांचा लिहिला जातो, ते ठीकच आहे. पण हरणाऱ्या टीमच्या मागे उभं राहिलेल्या पब्लिकचं काय होतं, उत्साह नेमका कोणत्या आठवड्यात आटतो, हे कुणी फारसं लिहीत नाही. मला ते लिहावंसं वाटलं, कारण २०१२ चा तो अख्खा सीझन मी कोऱ्हाळ्यात बसून पाहिलाय. कोऱ्हाळे बुद्रुक, तालुका बारामती, जिल्हा पुणे. नववीची परीक्षा झालेली, सुट्टी लागलेली, दुसरं काम काय? (उसाला पाणी द्यायचं काम होतं, पण ते असो.)

आधी थोडं मागचं. मार्च २०१० मध्ये सहाराने ३७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण १७०० कोटी रुपये मोजून पुण्याची टीम घेतली. तोवरची ती आयपीएलमधली सगळ्यात महागडी टीम. आमच्याकडे तोपर्यंत सगळे मुंबईवाले, कारण एकच: सचिन. पण सातबाऱ्यापासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे 'जिल्हा पुणे' लिहिलेलं असतं, त्यामुळे पुण्याची टीम म्हणजे आपलीच, असा सरळ हिशेब झाला. शिवाय २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा बीसीसीआयचे अध्यक्ष शरद पवार होते, म्हणजे बारामतीचे. तेव्हा स्पर्धाच जरा घरची वाटायची. २०११ चा पहिला सीझन मात्र कुणाला नीट लागला नाही, कारण पुण्याच्या घरच्या मॅचेस होत्या नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर! दहा टीममध्ये नववा नंबर आला, आणि लोक म्हणाले, स्वतःचं मैदान झालं की बघा.

ते मैदान २०१२ मध्ये झालं. एक्स्प्रेसवेलगत, गहुंज्याला. नाव सुब्रत रॉय सहारा स्टेडियम. त्याआधी फेब्रुवारीत एक नाटक होऊन गेलेलं. आपण ९४ मॅचेस धरून बोली लावली आणि प्रत्यक्षात ७४ च मिळाल्या, अशी सहाराची तक्रार होती. इतरही कुरबुरी होत्या. ऐन लिलावाच्या दिवशी त्यांनी आयपीएलमधून बाहेर पडतोय असं जाहीर केलं. मग बोलणी झाली, तडजोड झाली, टीम राहिली. युवराज कॅन्सरमुळे सीझनभर बाहेर. कॅप्टन सौरव गांगुली, वय ३९.

आणि सुरुवात काय झाली राव! ६ एप्रिलला मुंबईला वानखेडेवर जाऊन २८ रनांनी हरवलं. ८ तारखेला गहुंज्यातली पहिलीच मॅच, पंजाबवर विजय. १४ तारखेला धोनीच्या चेन्नईला घरात लोळवलं. गावातल्या चहाच्या हॉटेलात टीव्हीसमोर उभं राहायला जागा नसायची. लाइट गेली की मोबाइलवर स्कोअर बघणाऱ्या एखाद्याभोवती घोळका. रात्री पाण्याची पाळी असणारे लोक मोटर चालू करून येताना एकच विचारायचे, "आपली जिंकली का?"

'आपली' हा शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्या शब्दाची आहे.

१७ एप्रिलला बंगलोरमध्ये शेवटच्या ओव्हरला त्यांना २१ हवे होते आणि सौरभ तिवारीने शेवटच्या बॉलवर सिक्स मारून मॅच नेली. त्या रात्री लोक झोपले नाहीत, पण उत्साह तसूभर कमी झाला नाही. उलट वाढला. २१ एप्रिलला दिल्लीला दिल्लीत हरवलं, तेव्हा सात मॅचमध्ये चार विजय होते. आणि तोच त्या सीझनचा शेवटचा विजय ठरला.

२४ एप्रिलला दिल्लीनेच गहुंज्यात येऊन आठ विकेटनी परतफेड केली. मग डेक्कन चार्जर्स. हैदराबादच्या या टीमने तोवर एकही मॅच जिंकली नव्हती. त्यांनी पहिला विजय मिळवला तो आमच्यावर, १८ रनांनी. १ मे रोजी कटकला पुन्हा तेच, १३ रनांनी. ३ मे रोजी मुंबई गहुंज्यात आली, १२० वर अडकली, आणि आम्ही ११९ वर थांबलो. एका रनाने! ५ मे रोजी ईडन गार्डन्सवर कोलकात्याकडून ७ रनांनी. त्या मॅचला निम्मं ईडन 'दादा'साठी, म्हणजे पाहुण्या टीमच्या कॅप्टनसाठी ओरडत होतं. कोलकात्याच्या लोकांना प्रश्न पडला होता की आपलं कोण? आम्हाला तो तेव्हा विचित्र वाटला.

मी इंजिनिअर माणूस, बेरीज केली. १८, १३, १ आणि ७, म्हणजे सलग चार पराभव मिळून फक्त ३९ रन. या दहा दिवसांत कोऱ्हाळ्यात कुणीही टीम सोडली नव्हती. शिव्या भरपूर. हॉटेलात रोज नवा कॅप्टन निवडला जायचा. पण शिव्या देणारा माणूस अजून आतच असतो ना! प्रश्न फक्त थोडा बदलला होता, "आज कितीनं हरली आपली?" आपली.

खरी गळती त्यानंतर लागली. राजस्थान सात विकेटनी, बंगलोर ३५ रनांनी, पुन्हा राजस्थान ४५ रनांनी, शेवटी १९ मे रोजी कोलकाता ३४ रनांनी. सलग नऊ पराभव, नऊ टीममध्ये नववा नंबर. बंगलोरच्या मॅचला लोक आले ते गेलला बघायला. आमचे एक आबा, जे एप्रिलमध्ये 'आपली' म्हणायचे, ते मेच्या मध्यावर म्हणू लागले 'पुण्याची'. म्हणजे जिल्हा परत शंभर किलोमीटर लांब गेला.

तो उन्हाळा दुष्काळाचा होता, हेही सांगायला हवं. आमचं गाव नीरा डाव्या कालव्याच्या कृपेने बागायती, पण तालुक्याच्या जिरायती भागात टँकर चालू होते. लोकांना काळजी करायला दुसरं पुष्कळ होतं. तरी मला ते कारण पुरेसं वाटत नाही. दुष्काळ एप्रिलमध्येही होता आणि तेव्हा हॉटेल भरत होतं.

३१ ऑगस्ट २०१२ रोजी सुप्रीम कोर्टाने सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी रुपये १५ टक्के व्याजाने परत करायला सांगितलं. छोट्या गावांतून, छोट्या रकमांनी गोळा झालेला पैसा. त्यानंतर पेपरात 'सहारा' हा शब्द क्रीडा पानापेक्षा पहिल्या पानावर जास्त दिसायला लागला. २०१३ च्या सीझनच्या पहिल्या दोन मॅचही हरल्या, म्हणजे एकूण सलग अकरा. २३ एप्रिल २०१३ ला गेलने याच टीमविरुद्ध ६६ बॉलमध्ये नाबाद १७५ केले. १७ सिक्स, शंभर फक्त ३० बॉलमध्ये. आणि आमच्या हॉटेलात त्या रात्री टाळ्या पडत होत्या. गेलसाठी! कुणालाही वाईट वाटलं नाही. टीमचं नाव एव्हाना 'सहाराची' झालेलं होतं.

मे २०१३ मध्ये बीसीसीआयने बँक गॅरंटी वटवली, सहाराने टीम काढून घेत असल्याचं जाहीर केलं, आणि ऑक्टोबरमध्ये बोर्डाने करारच संपवला. टीमची शेवटची मॅच, १९ मे ची गहुंज्यातली दिल्लीविरुद्धची, चक्क जिंकलेली आहे, ३८ रनांनी. हे मला आत्ता लिहिताना स्कोअरकार्ड बघून कळलं. तेव्हा मी पाहिलीच नव्हती.

माझं मत असं, की हरण्याने लोक जात नाहीत. ३९ रनांच्या त्या चार मॅचेसनी तर आम्हाला जास्तच बांधून ठेवलं होतं. पण मैदानावरच्या अकरांत महाराष्ट्राचा म्हणावा असा मुलगा क्वचितच दिसायचा, आणि मालक दर काही महिन्यांनी जाऊ का राहू करत होता. आयटीवाल्यांना सांगायला नको, नोटीस पीरियडवरच्या माणसाशी आपण कसं वागतो ते. चांगलंच वागतो, पण पुढच्या सहा महिन्यांच्या गोष्टी बोलत नाही.

पुढे रायझिंग पुणे आली, २०१६ आणि २०१७, तीही दोन वर्षांचीच, चेन्नई आणि राजस्थान परत येईपर्यंत. २०१६ मध्ये दुष्काळामुळे हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितल्या आणि पुण्याचं घर गेलं विशाखापट्टणमला. २०१७ मध्ये पुण्याच्या राहुल त्रिपाठीने, ज्याला दहा लाखांत घेतलं होतं, ३९१ रन काढले. टीम फायनलला पोचली आणि हरली मुंबईकडून, एका रनाने. पुन्हा एक रन! पण २०१२ सारखं कुणी जागं राहिलं नाही, टीम संपणार हे माहीतच होतं.

फुटबॉलचंही तेच. मी पुण्यात इंजिनिअरिंगला असताना बालेवाडीला एफसी पुणे सिटीच्या मॅचेस बघायचो. २०१७-१८ ला टीम सेमीफायनलला गेली, पुढच्या वर्षी सातवी आली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तिची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद २०२२ मध्ये आयएसएल चॅम्पियन झालं. पुढे त्यांचेही पैसे संपले आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. हैदराबादकरांना आमच्याकडून क्रॅश कोर्स मिळाला असता.

या सगळ्यात एक अपवाद आहे, पुणेरी पलटण. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा पहिल्याच सीझनला तळाला. पुढे कधी बरी, कधी वाईट, पण नाव तेच आणि शहर तेच. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा जिंकली, कॅप्टन नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. गावात कबड्डी सगळ्यांनी खेळलेली, त्यामुळे वाद झाला तो कोणती रेड चुकली यावर. टीमचा मालक कोण हे मी त्या दिवशी हॉटेलात विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.